कोंबडं झाकलं तरी आरवतंच

आमचे आज्जा पन्नाशीच्या आतच पूर्ण आंधळे झाले. सुरुवात रातांधळेपणानं झाली. मग कडेकडेची नजर कमी होत गेली, समोरचं तेवढं नळीतून बघावं तसं दिसायचं, आणि एका वर्षी तेही गेलं. बेळगावच्या डॉक्टरांनी 'रेटिनायटिस पिग्मेंटोसा' असं नाव सांगितलं आणि यावर औषध नाही हेही सांगितलं.

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. नजर गेली तरी आज्जांचा दिवस बदलला नाही. पहाटे उठायचं, भिंतीला हात लावत सोप्यातून बाहेर यायचं आणि पूर्वेकडं तोंड करून कट्ट्यावर बसायचं. पावसाळ्यातसुद्धा, अंगावर घोंगडं घेऊन. आज्जी आतून ओरडायची, "काय दिसतंय म्हणून तिथं गारठ्यात बसलाय? चुलीपाशी या की." आज्जा शांतपणे म्हणायचे, "उजाडताना बाहेर असलं की बरं वाटतंय गं."

मला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटायची. पुढं मी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, आणि रसेल फॉस्टर या ब्रिटिश मेंदूशास्त्रज्ञाचं काम वाचनात आलं. ते वाचताना मला कट्ट्यावरचे आज्जा दिसत होते. डोळ्यांना बघण्याखेरीज आणखी एक काम असतं, ते काम नजर गेल्यावरही चालू राहू शकतं, आणि माणसाची झोप, भूक, अंगाचं तापमान, तरतरी असं बरंच काही त्या कामावर अवलंबून असतं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत लागलेला हा शोध आहे. तो आपल्या भाषेत, आपल्या ओळखीच्या गोष्टींतून सांगावा असं फार दिवस मनात होतं.

सुरुवात कोंबड्यापासून करू. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण रोज वापरतो. पण ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. डालग्याखाली झाकलेलं, वरून पोतं टाकलेलं कोंबडंही वेळ झाली की आरवतंच. त्याला तांबडं दिसलेलं नसतं. मग वेळ झाली हे त्याला सांगतं कोण? जपानच्या नागोया विद्यापीठातल्या त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी हे तपासून २०१३ साली प्रसिद्ध केलं. चोवीस तास सारखाच मंद उजेड असलेल्या खोलीत त्यांनी कोंबडे ठेवले. बाहेर रात्र की दिवस हे कळायला काही मार्ग नव्हता, तरी कोंबडे आपल्या ठरावीक वेळेला आरवत राहिले. वेळ त्यांच्या आतच चालू होती. पुढं त्यांनी असंही दाखवलं की एका खुराड्यात अनेक कोंबडे असतील तर पहिली बांग मानाच्या कोंबड्याची असते, बाकीचे त्याच्या मागून क्रमानं आरवतात. आमच्या आज्जीला हे सांगितलं असतं तर "त्यात काय शोधलं?" म्हणाली असती.

आतलं हे घड्याळ काही कोंबड्यापुरतं नाही. १७२९ साली फ्रान्समध्ये जाँ-जाक द मेराँ या शास्त्रज्ञानं लाजाळूच्या जातीचं रोप अंधारात ठेवून पाहिलं, तर सूर्य न दिसताही रोपाची पानं दिवसा उघडत होती आणि रात्री मिटत होती. उसाचंच बघा. पावसाळ्याच्या शेवटी दिवस साडेबारा तासांच्या आसपास आला की उसाच्या शेंड्यात तुऱ्याची तयारी सुरू होते. प्रयोगात मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावून रात्र मोडली, तर तुरा लांबतो किंवा येतच नाही. चिकोडी-निपाणीकडचा शेतकरी तुरा आला की वजन घटणार म्हणून हळहळतो. पण ऊस रात्रीची लांबी मोजतो, हे मला तरी त्या तुऱ्याइतकंच देखणं वाटतं.

वटवाघळांची गोष्ट तर आपल्या अंगणातलीच आहे. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तिथल्या वटवाघळांची एक दुर्मीळ जात ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली जगासमोर आणली, रॉटनचं वटवाघूळ म्हणून. गुहेच्या पोटात काळोख असतो. संध्याकाळ झाली हे आत बसलेल्या वटवाघळाला कसं कळतं? याच प्रश्नावर मदुराई कामराज विद्यापीठातल्या एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिकडच्या गुहांत काम केलं, जात मात्र वेगळी होती. उजेड पोचत नाही अशा खोल जागी त्यांनी पिंजऱ्यात वटवाघूळ ठेवलं. बाकीची वटवाघळं रोज बाहेर जायची, यायची, आणि पिंजऱ्यातलं वटवाघूळ त्यांच्याच वेळेला फडफडायचं. तेच एकटं, रिकाम्या गुहेत ठेवलं की त्याची वेळ रोज थोडी थोडी सरकत जायची. घड्याळ चालूच होतं, फक्त जगाच्या घड्याळाशी जुळेनासं झालं होतं.

माणूसही याला अपवाद नाही. १९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच तरुण आल्प्समधल्या एका खोल गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने एकटा राहिला. झोप आली की झोपायचं, भूक लागली की खायचं. १४ सप्टेंबरला वरच्या लोकांनी मुदत संपल्याचं कळवलं, तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्टच उजाडला होता. जवळजवळ पंचवीस दिवस त्याच्या हिशेबातून निसटले होते. पण त्याच्या झोपण्या-उठण्याची नोंद वर ठेवली जात होती. मनाचा हिशेब एवढा चुकूनही शरीर साधारण साडेचोवीस तासांच्या फेऱ्यानं झोपत आणि उठत होतं.

हे घड्याळ असतं कुठं? दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना ओलांडतात. त्या फुलीच्या अगदी वर, डावीकडं आणि उजवीकडं, पेशींचे दोन छोटे पुंजके आहेत. दोन्ही मिळून साधारण वीस हजार पेशी, तांदळाच्या कणीएवढा ऐवज. शास्त्रीय नाव सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. आपण त्याला मुख्य घड्याळ म्हणू. १९७२ मध्ये उंदरांच्या मेंदूतला हा भाग काढून पाहिला, तेव्हा त्यांच्या झोपण्या-जागण्याला काही ताळतंत्रच उरलं नाही. १९९० साली मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर यांनी त्याहून भारी पुरावा दिला. हॅमस्टर हा उंदरासारखा छोटा प्राणी. जन्मतःच ज्याचा दिवस वीस तासांचा होता अशा हॅमस्टरच्या पेशी त्यांनी साध्या हॅमस्टरमध्ये बसवल्या. ज्याच्या पेशी, त्याचा दिवस! घेणारा प्राणी देणाऱ्याच्या घड्याळानं जगायला लागला.

त्या एकेका पेशीत काय चालतं हे कळण्यासाठी गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकी भरत आली की आतला फ्लोटचा चेंडू वर येतो आणि पाणी बंद होतं. वापरून पाणी खाली गेलं की चेंडू उतरतो आणि नळ पुन्हा सुरू होतो. पेशीत 'पीरियड' नावाचं जनुक असतं. ते चालू असलं की एक प्रथिन तयार होतं. प्रथिन साठत साठत पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि ज्या जनुकानं आपल्याला घडवलं त्यालाच बंद करतं. मग साठलेलं प्रथिन हळूहळू मोडतं, जनुकावरचा दाब सुटतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. भरण्या-उतरण्याची ही एक फेरी जवळपास चोवीस तासांची असते. हे जनुक १९७१ साली सेमूर बेन्झर आणि रोनाल्ड कोनोप्का यांना फळमाशीत सापडलं. ते आतून कसं चालतं हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. यकृत, हृदय, स्वादुपिंड अशा बहुतेक अवयवांतही असली घड्याळं असतात. भजनात पखवाजवाला ठेका धरतो आणि टाळकरी त्याच्यामागं जातात, तसं मुख्य घड्याळ या सगळ्यांना ठेक्यात ठेवतं.

आता खरी अडचण. हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नाही. हार्वर्डच्या चार्ल्स साइस्लर यांनी १९९९ मध्ये काळजीपूर्वक मोजलं, तेव्हा माणसाची सरासरी चोवीस तास अकरा मिनिटं आली. अकरा मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण रोज अकरा मिनिटं मागं पडणारं घड्याळ दहा दिवसांत जवळजवळ दोन तास चुकतं. जुन्या चावीच्या घड्याळाचं असंच असायचं. सकाळच्या बातम्यांआधी रेडिओवर वेळेचे ठोके पडायचे आणि त्यावर काटे जुळवायचे. शरीराच्या घड्याळाला ते ठोके उजेड देतो, मुख्यतः सकाळचा उजेड. मग तो उजेड आत जातो कुठून? डोळ्यांतून, हे उघड आहे. पण डोळ्याच्या कुठल्या भागातून? इथं फॉस्टर येतात.

डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, हे मी स्वतः फळ्यावर आकृती काढून वर्षानुवर्षं शिकवलंय. अंधुक उजेडासाठी दंडपेशी, भरपूर उजेड आणि रंगांसाठी शंकुपेशी. दीडशे वर्षं सगळं जग हेच शिकत होतं. १९९१ साली फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर घेतले ज्यांचा डोळ्याचा पडदा वंशपरंपरेनं झडलेला होता. म्हणजे आमच्या आज्जांच्याच जातीचा आजार. उंदीर आंधळे होते. पण दिव्याची वेळ बदलली की त्यांचं घड्याळ डोळस उंदरांइतक्याच सहज जुळायचं. डोळे झाकले की मात्र जुळायचं नाही. दिसत नसलेल्या डोळ्यांनाच उजेड कळत होता.

नेत्रतज्ज्ञांचा यावर विश्वास बसेना, आणि त्यांचं म्हणणं वाजवी होतं. चार-दोन शंकुपेशी शिल्लक असतील, त्यांचंच हे काम, असं ते म्हणत. फॉस्टर यांनी वाद घालत बसण्यापेक्षा पुढची आठ वर्षं काम केलं. १९९९ साली त्यांच्या गटानं असे उंदीर तयार केले ज्यांच्या डोळ्यांत दंडपेशीही नव्हत्या आणि शंकुपेशीही नव्हत्या. तरी घड्याळ जुळत होतं. डोळ्यात तिसरं काहीतरी आहे, हे मान्य करण्यावाचून आता गत्यंतर नव्हतं.

ते तिसरं सापडण्याची वाट एका बेडकाच्या कातडीतून गेली, आणि विज्ञानातल्या अशा आडवाटा मला फार आवडतात. इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ हे उजेडानं बेडकाच्या त्वचेचा रंग कसा बदलतो ते शोधत होते. त्यात त्यांना १९९८ साली प्रकाश टिपणारं एक नवं प्रथिन मिळालं. त्याला त्यांनी मेलॅनॉप्सिन नाव दिलं. दोन वर्षांनी तेच प्रथिन माणसाच्या डोळ्यात सापडलं, पण दंड-शंकूंच्या थरात नव्हे, तर पडद्याच्या आतल्या बाजूच्या थरात, गँग्लियन पेशींत. या पेशींचं काम निरोप मेंदूकडं पोचवायचं, त्या स्वतः काही बघत नाहीत, असाच सगळ्यांचा समज होता. २००२ साली ब्राउन विद्यापीठात डेव्हिड बर्सन यांनी मुख्य घड्याळाकडं जाणाऱ्या गँग्लियन पेशी रंगवून शोधल्या, दंड-शंकूंशी असलेला त्यांचा संबंध तोडला आणि त्यांच्यावर उजेड टाकला. पेशींनी स्वतःहून निरोप पाठवायला सुरुवात केली. समेर हत्तार आणि इतरांनी त्याच वर्षी दाखवलं की याच पेशींत मेलॅनॉप्सिन असतं.

माणसाच्या एका डोळ्यात गँग्लियन पेशी असतात दहा लाखांच्या घरात, त्यातल्या अशा फक्त काही हजार. त्यांना चित्र दिसत नाही. समोर माणूस आहे की झाड, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. उजेड किती आहे आणि किती वेळ आहे, एवढंच त्या मोजतात. त्याही सावकाश. ढग आला, गेला, कोणी समोरून चालत गेलं, एवढ्यानं त्या हलत नाहीत. सगळ्यांत जास्त त्या ओळखतात निळसर उजेड, आकाशाच्या निळाईच्या आसपासचा.

आज्जांचा आजार दंडपेशी आणि शंकुपेशी खातो. आतल्या थरातल्या गँग्लियन पेशी त्यात बराच काळ टिकतात. साइस्लर यांच्या गटानं १९९५ मध्येच दाखवलं होतं की काहीच दिसत नसलेल्या काही अंध माणसांच्या डोळ्यांवर प्रखर उजेड टाकला तर त्यांच्या रक्तातलं मेलॅटोनिन खाली येतं. मेलॅटोनिन म्हणजे मेंदूतल्या पिनियल ग्रंथीचं संप्रेरक. रात्र झाल्याची दवंडी ते शरीरभर पिटतं, आणि उजेड दिसला की थांबतं. आज्जांची तपासणी कोणी केली नाही. पण कट्ट्यावर त्यांना जे बरं वाटायचं त्याचं कारण मला आज इथं दिसतं. सगळ्याच अंधांचं असं नसतं, हेही सांगायला हवं. काचबिंदूत गँग्लियन पेशीच मरतात. अपघातात दोन्ही डोळे गेलेल्यांना उजेडाचा निरोप अजिबात मिळत नाही. अशांपैकी अनेकांचं घड्याळ रोज सरकतं, महिन्यातले काही दिवस रात्री झोप बरी लागते आणि काही दिवस दुपारी डोळा उघडत नाही. घरचे त्यांना आळशी म्हणतात. म्हणूनच फॉस्टर डॉक्टरांना सांगत आले आहेत, की दिसत नाही म्हणून डोळा निकामी समजू नका. ज्याची नजर गेली आहे त्यालाही उजेडात जायला सांगा.

आता डोळस माणसांकडं येऊ, म्हणजे तुमच्या-माझ्याकडं. उजेड लक्समध्ये मोजतात. स्वच्छ दुपारचं ऊन लाखाच्या आसपास जातं. दाट ढग असले तरी अंगणात काही हजार ते दहा हजार लक्स असतात. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत दोन-तीनशे. लहान खिडकीच्या जुन्या माजघरात शंभराच्याही खाली. पौर्णिमेच्या चांदण्याला अर्धा लक्सही नाही. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला खरे वाटले नव्हते, कारण घरात आणि अंगणात शंभर पटींचा फरक आहे असं डोळ्यांना जाणवतच नाही. बाहुली लहान-मोठी होते, पडदा जुळवून घेतो, आणि आपल्याला दोन्हीकडं 'चांगला उजेड' वाटतो. त्या काही हजार पेशी मात्र असं जुळवून घेत नाहीत. त्यांच्या लेखी दिवसभर ट्यूबलाइटखाली बसलेला माणूस दिवसभर संधिप्रकाशातच असतो.

पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. "ऊनच नाही तर बाहेर बसून काय करायचं?" असं लोक म्हणतात. पण आकडे बघा. धो-धो पावसातही सोप्याच्या कडेला बसलेल्या माणसाला माजघरातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त उजेड मिळतो. घोंगडं पांघरून बसणारे आज्जा बरोबर होते, आणि प्रेमापोटी त्यांना चुलीपाशी बोलावणारी आज्जी या एका बाबतीत चुकत होती.

उजेड किती, याच्याइतकंच महत्त्व तो कधी, याला आहे. सकाळचा उजेड घड्याळ पुढं ढकलतो, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. रात्रीचा उजेड घड्याळ मागं ओढतो, झोप उशिरा येते. दुपारचा फारसं काही करत नाही. विजेचा दिवा आल्यापासून आपण सकाळचा उजेड चुकवतो आणि रात्रीचा वाढवतो. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेनं. अमेरिकेतल्या केनेथ राइट यांनी २०१३ मध्ये काही माणसांना आठवडाभर डोंगरात तंबू ठोकून राहायला लावलं. टॉर्च नाही, मोबाइल नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी. आठवड्याअखेरीस त्यांचं मेलॅटोनिन सुमारे दोन तास लवकर वाढायला लागलं होतं. रात्रीचे पक्षी म्हणवणारेही बाकीच्यांच्या जवळ आले होते.

मोबाइलबद्दल सगळे विचारतात, म्हणून तेवढंच. झोपण्याआधी चार-चार तास, सलग पाच रात्री पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली, असं एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं. परिणाम खरा आहे, पण दहा मिनिटांचा. माझ्या मते मोबाइलच्या उजेडापेक्षा त्यावर जे चालतं ते झोप जास्त खातं, आणि दिवसभर बाहेर न पडणं त्याहूनही जास्त.

इथं बेळगावची म्हणून एक गोष्ट आहे, जिचा आपण विचार करत नाही. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून चालतं. ते आहे मिर्झापूरकडं. बेळगाव साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडं सूर्य सरासरी बत्तीस मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. शरीराचं घड्याळ भिंतीवरचं घड्याळ बघत नाही, ते सूर्याप्रमाणं चालतं. आपल्या घरात पहाटेचे चार म्हणजे सूर्याच्या हिशेबानं साडेतीन.

हे मी दहावीच्या पालकांना मुद्दाम सांगतो. "पहाटे चारला उठवतो, सर, तेव्हा केलेला अभ्यास डोक्यात राहतो," असं ते अभिमानानं म्हणतात. त्यांची तळमळ मला कळते, मीही त्याच शिस्तीत वाढलो. पण वयात येताना घड्याळ मागं सरकतं आणि विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरा चालतं. आईवडिलांच्या तुलनेत दोन तासांचा फरक सहज पडतो. पोरगं रात्री अकरापर्यंत जागं असतं ते नुसत्या हट्टानं नव्हे. त्याला चारला उठवलं तर ज्या वेळी त्याच्या शरीराचं तापमान सर्वांत खाली आणि मेंदू सर्वांत सुस्त असतो, त्याच वेळी आपण त्याच्यापुढं बीजगणित ठेवतो. त्यापेक्षा सहाला उठवा, आणि पुस्तक घेऊन अंगणात बसवा. उतारवयात उलटं होतं, पहाटे जाग लवकर येते. शिवाय डोळ्याचं भिंग पिवळं पडत जातं आणि नेमका निळसर उजेड अडवतं, त्यामुळं म्हाताऱ्या माणसाला तरुणापेक्षा जास्त उजेड लागतो. आपण नेमकं त्यांनाच आतल्या खोलीत ठेवतो.

आणि ज्यांना रात्री जागण्यावाचून इलाज नाही? गाळप हंगामात साखर कारखाने रात्रंदिवस चालतात. फाउंड्रीत तिसरी पाळी असते. थ्री फेज वीज कित्येकदा रात्रीच मिळते म्हणून शेतकरी बारा-एकला बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जातो. माझा मेहुणा कितीतरी हंगाम बॉयलरवर रात्रपाळी करतोय. "सवय होते की," तो म्हणतो. झोप काढण्याची सवय होते, घड्याळाची होत नाही. बहुतेक रात्रपाळीवाल्यांचं घड्याळ वर्षानुवर्षं दिवसाचंच राहतं, कारण सकाळी घरी परतताना त्यांच्या डोळ्यांवर कारखान्यातल्या दिव्यांच्या अनेक पट ऊन पडतं. शरीर त्यालाच सकाळ मानतं आणि तो झोपायला जातो तेव्हा उठायची तयारी करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये अशा पाळीच्या कामाची गणना बहुधा कर्करोगकारक गोष्टींत केली, आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबद्दल तेच मत कायम ठेवलं.

मेहुण्याच्या घरी आम्ही खिडकीला जाड काळं कापड लावलं. पाळी सुरू होण्याआधी संध्याकाळी तासभर झोप, आणि रात्री दोनला डबाभर भात खाण्याऐवजी हलकं काहीतरी, कारण रात्री शरीराला साखर नीट पेलत नाही. येताना दुसऱ्याच्या मागं बसून येत असेल तर गडद चष्मा. स्वतः गाडी चालवत असेल तर चष्मा नको, थोडी डुलकी काढूनच निघायचं. पहाटे तीन ते पाच ही वेळ माणसाच्या सावधपणाचा तळ असते, आणि नेमक्या त्याच वेळी उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कित्येकदा मागं लाल दिवा नसलेल्या. तिथं इच्छाशक्ती कामाला येत नाही.

शेवटची चार वर्षं आज्जा आमच्याकडं बेळगावात होते. आज्जी गेल्यावर त्यांना गावी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. बाथरूम जवळ पडावं म्हणून आम्ही त्यांना आतली खोली दिली. दिसत नाहीच, तर खिडकी असली काय, नसली काय, असं मीच म्हणालो होतो. तीन-चार आठवड्यांत त्यांचं सगळं उलटं झालं. रात्री दोनला उठून चहा मागायचे, भिंती चाचपत फिरायचे, दुपारी जेवताना मान पडायची. वयामुळं असेल, जागा बदलल्यामुळं असेल, आज्जी गेल्याचं दुःख तर होतंच. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, तिनं ते दिवसाही गुंगीत राहायला लागले.

त्याच सुमारास मी फॉस्टर वाचत होतो. एका रविवारी वेताची खुर्ची गॅलरीत टाकली आणि सकाळी साडेसहाला आज्जांना धरून तिथं बसवलं. रोज दीड-दोन तास, चहा तिथंच. संध्याकाळी त्यांच्या खोलीतला दिवा मंद ठेवायचा. पंधरा-वीस दिवस गेले, आणि एका रात्री मी सवयीनं दोनला उठलो तर त्यांच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. गोळी मग डॉक्टरांनीच बंद केली.

गॅलरीच्या एका बाजूला शेजारच्या इमारतीची सावली पडते. आठवड्याभरातच आज्जांना ते कळलं होतं. मी खुर्ची टेकवली की ते हात पुढं करून कठडा चाचपायचे, मान जरा वळवायचे आणि म्हणायचे, "अजून थोडी पुढं सार की रे, तुळशीकडं. उजेड तिथं हाय."